चार हातांवर

दिवाळीच्या तोंडावर कापूस वेचता वेचता आरतीची नजर मधल्या तुरीच्या ओळीत गेली आणि तिचा हात बोंडावरच थिजला. पिल्लांना पाजत एक रानडुकरीण तिथे पडली होती. तिच्यापासून जेमतेम चार हातांवर आरतीची सासू गोदाबाई पाठमोरी वाकून वेचत होती. हाक मारावी, तर डुकरीण बिथरणार. आरतीला सातवा महिना होता. तरी पावलांचा आवाज न करता ती सासूपर्यंत गेली आणि तिचं मनगट धरलं.

"आत्याबाई, घरी चला. माह्या पोटात दुखून राह्यलं."

गोदाबाई लगेच निघाली. दोघी हळूहळू शेताच्या कडेच्या धुऱ्यावर पोचल्या, तेव्हा कुठे आरतीच्या जिवात जीव आला.

"तुमच्या मागं डुकरीण होती, आत्याबाई. तुमी घाबरसान म्हणून खोटं बोलली."

"मले कवाचीच दिसली होती," गोदाबाई म्हणाली. "पण मी पळाली असती, त थे उठून तुह्यावर गेली असती, अन् तुले या पोटानं पळता आलं नसतं. म्हणून तिथंच वेचत राह्यली."