जांभळ्या झुडपातले दोन चेंडू

इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या त्या नामांकित गोल्फ मैदानावर निवृत्त बसचालक नॉरिस पहिल्यांदाच खेळत होता, तोही व्याह्यांचा पाहुणा म्हणून. शेवटच्या होलवर दोघांची बरोबरी असताना त्याचा चेंडू भरकटून हेदरच्या जांभळ्या झुडपांत घुसला. वाकून डहाळ्या बाजूला सारल्या, तर शेजारीशेजारी दोन सारखेच चेंडू. आपला कुठला? खूण करायला तो विसरला होता. “अहो, अलीकडचाच तुमचा. मारा!” व्याही ॲलस्टर म्हणाले. हा चांगुलपणा, की परीक्षा? मागून खेळत येणारी मंडळी खोळंबली होती. नॉरिस सरळ उभा राहिला. “ओळख पटत नाही. म्हणजे हरवला. नियमाप्रमाणे एका फटक्याचा दंड घेतो, मागे जाऊन पुन्हा मारतो,” तो कसाबसा म्हणाला. ॲलस्टर हसले. नेमकं कशाला, ते नॉरिसला कळेना. त्यांनी त्याची पिशवी खांद्यावर घेतली आणि चालताचालता हळूच म्हणाले, “तीस वर्षं इथे चेंडू हरवतोय, पण मागे कधी गेलो नाही.”