एकोणीस इंच

"एकोणीसच," प्राणेश म्हणाला. "अठराचं नाव काढू नका."

अंबूताई गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडव्या बसल्या होत्या. हुणसूर रस्त्यावर, हिनकलला त्यांचं टायरचं दुकान. नवरा गेल्यापासून एकवीस वर्षं त्याच चालवत होत्या. त्यांनी टायर आणि वरचा पत्रा यांच्यामध्ये बोटं घालून पाहिली. प्राणेशची पिवळी स्पोर्ट्स कार दोनच माणसांची होती. तीही त्याने बंगळुरूत आणखी खाली बसवून घेतली होती. आता तिच्याखालून एखादं मांजर गेलं असतं, पण पोट आत घेऊन.

गाडीची मूळ चाकं सतरा इंची. अठरा बसतील, टायरची रुंदी सव्वादोनशे मिलिमीटरच्या वर नको, असं अंबूताईंनी सांगितलं. प्राणेशला एकोणीसचं चाक आणि त्यावर दोनशे पंचावन्नचा टायर हवा होता. दुबईतल्या कुणीतरी तसा बसवून फोटो टाकला होता. दुबईत रस्त्यांवर गतिरोधक किती असतात, हे फोटोत दिसत नव्हतं.

"बेड सर, नको," अंबूताई म्हणाल्या. "एकटे बसलात तर सरी, चालेल. बाजूला माणूस बसलं की गाडी दबणार, टायर घासणार. घासून घासून एक दिवस फुटणार."

प्राणेश हसला. मग त्याने पाव तास त्यांना चाकाचं शास्त्र इंग्रजीत शिकवलं. अंबूताईंनी ते ऐकून घेतलं आणि पावतीवर लिहिलं, की गिऱ्हाइकाने सांगितलं म्हणून बसवलं. प्राणेशने खाली झोकदार सही ठोकली.

दुकानातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर तुळसी बसली होती. तीन आठवड्यांनी तिचं प्राणेशशी लग्न होतं. बेळगोळच्या एका कारखान्यात ती रबराच्या भागांची तपासणी करायची. टायर किती दाब सोसतो, हे त्या दुकानात अंबूताईंच्या खालोखाल तिलाच कळत होतं. तिने एकदा तोंड उघडून पाहिलं. "तू राहू दे," प्राणेश म्हणाला, आणि तिने राहू दिलं. साखरपुड्यापासून ती बरंच काही राहू देत आली होती. त्याच्या मते तिच्या चपला गावठी होत्या. तिचं मराठी निम्मं कन्नड होतं. त्याच्या आईचंही तसंच होतं, पण आई फोटोत कमी यायची. तिच्या वडिलांनी पाहुण्यांपुढे बशीत ओतून कॉफी प्यायली, याचा त्याने आठवडाभर उल्लेख केला. लग्नानंतर निवळेल, असं तुळसी स्वतःला सांगत असे.

चाकं बसली. ती मडगार्डच्या बाहेर डोकावत होती आणि प्राणेशला ती फारच सुंदर दिसली. चामराजपुरमला त्याच्या घरी आई गोदावरीबाई गाडीची पूजा मांडून थांबल्या होत्या. नातेवाईक जमले होते. तुळसी त्याच्या शेजारी बसली आणि दोघं निघाले.

पहिल्या गतिरोधकाला डाव्या बाजूने कुणी पत्रा खरवडल्यासारखा आवाज आला. दुसऱ्याला पुन्हा आला, त्याच्याबरोबर जळक्या रबराचा वास. प्राणेशने गाडी कडेला घेतली. तुळसीला उतरायला सांगितलं आणि एकट्याने त्याच गतिरोधकावरून गाडी पुढे नेली, मागे आणली. आवाज आला नाही. दुसरा कुणी असता तर इथे त्याला अंबूताई आठवल्या असत्या. प्राणेशने काच खाली करून तुळसीकडे, वरपासून खालपर्यंत, पाहिलं.

"तुझं वजन किती?" त्याने विचारलं.

तिने सांगितलं.

त्याने मान हलवली. चूक सापडल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर होतं. तिने रिक्षा करून मागून यावं, सगळ्यांसमोर गाडी घासत नेता येणार नाही, असं तो म्हणाला.

"आणि लग्नानंतर?" तुळसीने विचारलं.

प्राणेशने खरोखर विचार केला. "तोपर्यंत सात-आठ किलो कमी कर," तो म्हणाला. "मग बघू."

गाडी निघून गेली. तुळसी कडेला उभी राहिली. आधी तिला रडू येईल असं वाटलं. रिक्षा समोर येऊन थांबली. चामराजपुरम म्हणायला तिने तोंड उघडलं आणि घरचा पत्ता सांगितला.

तिचे वडील दामोदरराव व्हरांड्यात लग्नपत्रिकांवर नावं घालत बसले होते. निम्म्याहून जास्त पत्रिका वाटून झाल्या होत्या. तुळसीने त्यांना सगळं सांगितलं, काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. त्यांनी एकच विचारलं, की रिक्षा मिळेपर्यंत तो थांबला होता का. ती नाही म्हणाली. दामोदररावांनी पेनाला टोपण लावलं. लोकांना काय सांगायचं ते मी बघतो, तू हातपाय धुऊन घे, असं म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. प्राणेश खुशीत होता.

"कुठे आहेस? सगळे खोळंबलेत," तो म्हणाला. "आणि ऐक, तू उतरल्यापासून जराही आवाज नाही. गाडी नुसती तरंगतेय."

"मलाही उतरल्यापासून फार हलकं वाटतंय," तुळसी म्हणाली. "पूजा उरकून घे. मी येत नाही. आज नाही, आणि नंतरही नाही."