थँक्स अ मिलियन

सुतारकामात हयात घालवलेल्या अण्णांच्या तोंडून कुणाचं कौतुक कधी निघालं नव्हतं. ऑपरेशन झालं आणि नातीने शिकवलेलं "थँक्स अ मिलियन" त्यांनी डॉक्टरांना ऐकवलं, नर्सला ऐकवलं, अगदी उशी सारखी करणाऱ्या स्वतःच्या मुलालाही ऐकवलं.

मुलाला भलतीच शंका आली. अण्णा सगळ्यांचा निरोप तर घेत नाहीत ना? त्याने परगावच्या बहिणीला फोन केला, "ताई, असशील तशी निघ," आणि खोलीत येरझारा घालू लागला.

दुपारी अण्णांनी डोळे उघडले. "ते कपाटाचं दार बघ, तिरकं बसवलंय. कुठल्या गाढवाचं काम आहे रे हे?"

मुलाने घाईघाईने पुन्हा फोन लावला.

"ताई, सावकाश ये गं. अण्णा शिव्या द्यायला लागले."