दुसरं कडवं

गोडादऱ्याच्या चौकात कानबाई देवीच्या विसर्जनाची मिरवणूक थांबली होती, पण एकही बाई फुगडीला पुढे येत नव्हती. कानबाईचा पाट डोक्यावर घेतलेली उषाबाई उभी राहून राहून कंटाळली.

"दगाभाऊ, आमना पायच उचलतस नही!" ती ओरडली.

दगा क्लॅरिनेट वाजवतच होता. सूर सरळ. चूक एकही नाही. बँडचा मालक बाबुराव त्याच्या कानाशी आला.

"दगा, पोरं डीजेवाल्याला फोन लावायला लागलीत. आज बायका नाचल्या नाहीत तर पुढच्या वर्षी कानबाई आपल्या हातून गेली. मग लग्नं पण गेली."

"बरोबरच वाजवतोय ना मी?"

"बरोबर वाजवतोयस रे. लूममधून कापडाचा ताका निघतो तसं. एकसारखं."

दगाला ते पटलं, म्हणूनच राग आला.

तीस वर्षं, दर वेळी वाजवण्याआधी त्याचे हात थरथरायचे. तोंड कोरडं पडायचं, बोटं भोकांवर नीट बसायची नाहीत. कारण एकच, सरलाबाई. वरात कुठलीही असो, बायको कडेला उभी राहून ऐकायची आणि घरी आल्यावर चप्पल काढायच्या आत सांगायची, "दुसऱ्या कडव्यात घसरलात." कुठे, असं विचारलं तर म्हणायची, "तुम्हाला माहीत." मग दगा दुसऱ्या दिवशी कारखान्यात अख्खी पाळी लूमपुढे तेच कडवं गुणगुणत काढायचा.

माघात सरलाबाई गेली. त्या दिवसापासून हात थरथरायचे थांबले. बाबुराव तर खूश झाला होता. म्हणाला, "चला, भीती गेली. आता तू पक्का झालास."

गर्दीतून वाट काढत सून नूतन आली. तिने पाण्याची बाटली पुढे केली आणि हळूच म्हणाली, "नाना, दुसऱ्या कडव्यात घसरलात."

दगा चमकला. "कुठे?"

"तुम्हाला माहीत."

पाणी तसंच राहिलं. कुठे घसरलो? सुरुवातीला, की वर चढताना? त्याने क्लॅरिनेट ओठाला लावलं आणि बोटं थरथरायला लागली. पहिला सूर फाटला. दुसरा चाचपडत आला. तिसरा असा काही वर गेला की डीजेशी बोलणाऱ्या पोरानेही फोन खाली केला. कोणीतरी पदर खोचला. दोघी पुढे आल्या, मग चौघी, मग सगळा चौक फुगड्यांनी भरला. उषाबाई पाटासकट घुमायला लागली. बाबुराव ड्रमवाल्याला "अजून, अजून" म्हणत स्वतःच नाचत होता.

विसर्जन उरकलं. परत येताना दगाने नूतनला गाठलं.

"बाई, तुला सुरातलं एवढं कळतं? कधी बोलली नाहीस."

नूतन पदराआड हसली.

"मला कुठलं कळतंय, नाना! आई दवाखान्यात सांगून गेल्या. म्हणाल्या, मलाही त्यातलं ओ की ठो कळत नाही. तू आपलं दुसरं कडवं म्हणत जा. पहिलं त्यांना पक्कं येतं, ते म्हटलं की भांडतात."