गिरधर आप्पांची सिगार

“धूर गियानं नही, आप्पा. तोंडमाच ठेवा, नि सोडी द्या,” लखन पुन्हा म्हणाला.

गिरधर आप्पा खोकून खोकून लाल झाले होते. सत्तरी ओलांडली तरी ज्या माणसानं तंबाखूची चिमूट तोंडात टाकली नाही, तो कोरीटच्या शिवारात विहिरीजवळ बसून सिगार ओढायला शिकत होता. गावानं पाहिलं असतं तर म्हाताऱ्याला चळ लागला म्हणून मोकळं झालं असतं.

लखन हा हेमकांतचा शाळेपासूनचा दोस्त. नवापूरला हायवेवर त्याचं पानाचं दुकान. सिगारचं बंद टोक कसं कापायचं, काडी जरा लांब धरून ती फिरवत फिरवत कशी पेटवायची, हे त्याला हेमकांतनंच शिकवलं होतं. आता तो हेमकांतच्या बापाला शिकवत होता.

“बिडी समजीसन वढू नका. हायी सावकाश वढानी चीज शे.”

हेमकांत जहाजावर इंजिनियर. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुटी काढून घरी यायचा. बापासमोर ओढायची लाज, म्हणून गोठ्यामागे जाऊन सिगार पेटवायचा. आप्पा रागवायचे. त्याच्या आईची, भिकुबाईची नजर साखरेनं नेली होती, पण तो जाड, गोडसर वास घरात शिरला की ती चुलीपासूनच म्हणायची, “मन्हा हेमू उना.” मग दिवसभर तिचे पाय जमिनीवर ठरायचे नाहीत.

यंदा हेमकांत येणार नव्हता. आप्पांनी बायकोला मात्र येतोय म्हणून सांगून ठेवलं होतं.

“जिजीले खरं सांगी टाका,” लखन म्हणाला. “कितला दिन लपाडशात?”

“डाक्टर काय बोलना, तू आयकं ना? तिन्हं काळीज धक्का सहन नही करी. माले ती पाहिजे रे, लखन. एवढी आखाजी हासत जाऊ दे तिन्ही.”

मागल्या खेपेला हेमकांतनं ठेवायला दिलेली शेवटची सिगार लखननं रुमालात गुंडाळून आप्पांच्या हातात दिली.

तिला फसवणं तसं आप्पांना फार अवघड वाटत नव्हतं. हिवाळ्यापासून भिकुबाईनं पोराच्या फोनचं विचारणंच सोडलं होतं. वयानं विसर पडतो, अशी त्यांनी आपली समजूत घातली होती.

आखाजीच्या सकाळी ती न्हाणीत गेली आणि आप्पा गोठ्यामागे गेले. सिगार नीट पेटली. ठसका लागला नाही. डोळ्यांना मात्र धार लागली, आणि आज धुराचं निमित्त होतं.

भिकुबाई ओसरीवर येऊन थबकली.

“हेमू उना व्हता का?”

“हा. उभा उभा उना. जहाजवरथून बलावनं उनं, लगेच सुरतनी गाडीवर गया. तुले हाक मारी त्यानी, तू न्हाणीमा व्हती.”

“जेवना का?”

“नही.”

“बरं,” ती म्हणाली.

ती रडेल, भांडेल, निदान दाराशी तरी धावेल असं आप्पांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. त्यांचा जीव भांड्यात पडला.

मग दोघं घागरी भरायला बसली. आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं नवी घागर पाण्यानं भरायची, वर खरबूज नि आंबा ठेवायचा, हा घराघरातला रिवाज. दरवर्षी आप्पांच्या वडिलांची एक आणि आईची एक. भिकुबाईनं चाचपत चाचपत दोन्ही भरल्या. मग मागे हात घालून तिनं आणखी एक कोरी घागर पुढे ओढली आणि तिच्यात पाणी ओतू लागली.

“हायी कोन्ही?” आप्पांनी विचारलं.

“हेमूनी,” आंबा चाचपत ती म्हणाली. “उपाशी गया ना मन्हा पोऱ्या.”