नाशपाती आणि गुलाब

धाकटी सोदाम हिवाळ्यात अपघातात गेली, पण दृष्टी गेलेल्या आईला ते सांगायचं कुणालाच धाडस झालं नाही. "सोदाम का येत नाही?" म्हणत आईने जेवण सोडलं. तेव्हापासून थोरली मिग्योंग रोज संध्याकाळी गुन्सान शहरातल्या आईच्या घरी जाते. दाराबाहेर बहिणीचा परफ्यूम मनगटावर मारते, आत जाऊन तिच्यासारखं लाडात बोलते आणि आईला पेज भरवते. तिला रडू येत नाही. काहीच वाटत नाही.

आज पेज संपल्यावर आईने तिचं मनगट नाकाशी धरलं.

"आधी नाशपातीचा वास येतो ना, तो सगळ्यांच्या अंगावर सारखाच. पण मागून येणारा गुलाब सोदामच्या अंगावर गोड व्हायचा. तुझ्या अंगावर जरासा तुरट होतो, मिग्योंग."

मिग्योंगने चमचा खाली ठेवला. "आई, तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"



"मिग्योंग म्हणून तू कधी इतका वेळ माझ्याजवळ बसलीच नव्हतीस गं."