तळ्यातले शिंगाडे

"हे शिंगाडे विकू नका आणि खाऊही नका, मावशी. तपासणीत यांत शिसं सापडलंय," कॉलेजच्या मॅडमनी डोंग्यातून उतरणाऱ्या फुलवंताला सांगितलं. पलीकडच्या बॅटरी कारखान्याचं पाणी तळ्यात येत होतं.

फुलवंताला ते पटेना. "पन मॅडम, वेल तर कशी हिरवीगार हाय!"

"वेल शिसं शोषून घेते आणि तगते. बाधतं ते खाणाऱ्याला. पोटातल्या बाळाला तर सगळ्यात जास्त."

टोपली तिथंच टाकून फुलवंता घराकडे धावली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली वैशाली ओसरीवर उकडलेले शिंगाडे खात बसली होती. फुलवंताने तिच्या पुढ्यातलं ताट ओढून घेतलं आणि रडत रडत सगळं सांगितलं.

वैशालीने हातातला शिंगाडा खाली ठेवला. बराच वेळ ती पोटावरून हात फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाळाले काही होनार नाही ना व, माय?"

लेक नको नको म्हणत असताना, बाळाला बळ येईल म्हणून, रोज फुलवंतानेच शिंगाडे सोलून तिला भरवले होते.